कललेला बोर्ड

मिरजेत कॉम्प्युटरच्या बाबतीत प्रणिता कोरेचा शब्द शेवटचा. ती ‘घ्या’ म्हणाली की लोक घ्यायचे, आणि ‘नको’ म्हणाली की पार सांगलीपर्यंत त्या वस्तूला गिऱ्हाईक मिळायचं नाही. हा मान तिला कुणी दिला म्हणाल, तर कुणीच नाही. शिक्षण बी.ए., समाजशास्त्र, तेही बाहेरून बसून. कॉम्प्युटरचं जे काही येत होतं ते उघडून, जोडून, एक-दोनदा धूर काढून शिकलेलं. पण बाकीचे दुकानदार सगळ्यालाच ‘घ्या’ म्हणतात आणि ही बाई नको ते नको म्हणते, एवढ्या एका गोष्टीवर तिचं दुकान चाललं होतं.

त्या दिवशी इंजिनिअरिंगला शिकवणारे एक सर हेल्मेट काखेत मारून आले.

“मॅडम, एकच प्रश्न. ते फिजिक्स कार्ड घेऊ का?”

“खेळता काय?”

“मी मोटारींची रेस. बायको ते मातीची भांडी घडवायचं खेळते.”

“मग नको सर. तापतं फार, पंखा गिरणीसारखा ओरडतो आणि निम्म्या गेमना त्याचा पत्ताच नसतो. त्यापेक्षा मेमरी वाढवा.”

“वाटलंच मला! ते ऑनलाइनवाले उगीच डोकं खातात.”

“त्यांना विकायचंय ना.”

सर मेमरी घेऊन खुशीत गेले. कपाटाच्या काचेत प्रणिताला स्वतःचं तोंड दिसलं, तशी ती बाजूला सरकली.

तिनं सांगितलेलं सगळं खरं होतं, फक्त जुनं होतं. कार्ड पहिल्यांदा आलं तेव्हा ते तापायचं, ओरडायचं आणि बहुतेक गेमना परकं होतं. आता ते शांत झालं होतं, थंड झालं होतं आणि नवा प्रत्येक गेम त्याच्यासाठीच बनत होता. प्रणिता गेलं वर्षभर लोकांना शिळं खरं वाढत होती. आणि ते का, हे सांगायचं तर आधी ते कार्ड काय करतं ते सांगायला हवं.

साधा कॉम्प्युटर खेळातल्या वस्तू कशा पडतात, घरंगळतात, आपटतात ते मोजत नाही, मोजल्यासारखं करतो. कॅरमचंच घ्या. स्ट्रायकर एका सोंगटीला लागला, ती दुसरीला लागली, दुसरी कडेवर आपटून तिसरीला. पहिल्या टकरीत केसाएवढी चूक झाली की चौथ्या टकरीला ती बोटाएवढी होते, आणि पॉकेटात जायची सोंगटी भलत्याच कोपऱ्यात जाऊन बसते. हे सगळं खरोखर मोजायचं तर पावडरीचे कण, प्लायवूडचा बाक, हवेतला दमटपणा, स्ट्रायकरची गिरकी, सगळं एका दमात धरावं लागतं. साध्या मशीनचा तेवढा आवाका नाही. ते पहिल्या दोन टकरी मोजतं आणि पुढचं अंदाजानं रेटून नेतं. डोळ्यांना फरक कळत नाही.

फिजिक्स कार्डावर लाखो बारीक गणकं असतात. प्रत्येकाच्या वाट्याला बोर्डाचा चिमूटभर तुकडा. प्रत्येकानं एवढंच बघायचं, शेजारचा मला किती ढकलतो आणि मी पलीकडच्याला किती ढकलतो. सगळे एकदम बघतात, म्हणून अंदाजाला जागाच उरत नाही. तीच टिचकी हजारदा मारा, हजारदा सोंगटी तिथेच जाणार. आणि पडद्यावरचं कॅरम खेळताना बोटात घालायची अंगठी प्रत्येक टिचकी साठवून ठेवत असल्यामुळे, आजच्या कार्डावर गेल्या वर्षीचा सामनाही पुन्हा चालवता येतो. तेव्हा खरं काय व्हायला हवं होतं, ते दिसतं.

कार्ड ज्या गावात गेलं त्या गावात जुने निकाल उलटायला लागले होते. कुठल्या तरी सोसायटीतल्या टीमनं जिंकलेला चषक आपण होऊन परत केला. कुठे दोघं सख्खे भाऊ बोलेनासे झाले. कारण सरळ होतं. जिथे अंदाज असतो तिथे कुणालाही हात घालता येतो.

प्रणितानं घातला होता.

*

तिचे सासरे मल्लिकार्जुन कोरे, घरात अप्पा, जन्मभर एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक. त्यांनी ‘जतकडे जाणारी गाडी’ म्हटलं की माइक नसला तरी जतला ऐकू जायचं, असं लोक म्हणत. दुसरी ओळख कॅरमची. पेठेतल्या क्लबात अप्पा आणि दस्तगीर मुल्ला यांची जोडी म्हणजे दोन बैल एका दावणीचे, आणि रोज एकमेकांना शिंगावर घेणारे. दस्तगीर कापड कापणारे. लग्नाच्या शेरवानीचं कापड आखणी न करता कात्रीनं सरळ कापत नेणारा माणूस. तोच हात बोर्डावर.

त्या क्लबात पंच कधीच नसायचा. कुणाची बाही सोंगटीला लागली, बोट घसरलं, तर ज्याचं त्यानं म्हणायचं, “माझा हात,” आणि एक सोंगटी काढून परत मधे ठेवायची. समोरच्यानं दाखवून द्यायची वेळ आली तर लपवणाऱ्याला क्लबात चहा मिळत नसे.

क्लबाची जागा गेली, मंडळी पांगली आणि खेळ पडद्यावर आला. टेबलावर आडवा पडदा, बोटात अंगठी, कानात एकमेकांचे आवाज. मग अप्पांना अर्धांगाचा झटका आला. वाचा परतली, पाय परतला, उजवा हात मात्र थरथरत राहिला. दस्तगीर भेटायला आले की अप्पा हात शालीखाली घ्यायचे. खऱ्या बोर्डावर बसायचं नावच नको. पडद्यावर एक बरं होतं, समोरच्याला सोंगट्या दिसतात, हात दिसत नाही.

पण सोंगट्या जायच्या नाहीत. पहिल्या आठवड्यात अप्पा एकामागून एक बोर्ड कोरे हरले, म्हणजे एकही सोंगटी न घालता. खेळ संपला की अंगठी काढून ठेवायचे आणि जेवायला नको म्हणायचे. प्रणिताचा नवरा सुहास पुण्याला नोकरीला, शनिवारी यायचा आणि ‘डॉक्टरांना दाखव’ म्हणून रविवारी जायचा. ताट झाकून ठेवायला घरात प्रणिताच.

लहान मुलांसाठी त्या खेळात एक सोय होती, तिचं नाव ‘कल’. मोजणं संपून जिथे अंदाज सुरू होतो, तिथे सोंगटीला पॉकेटाकडे किंचित झुकवायचं. ज्याची खेळी त्याच्या मशीनवर ठरायची, त्यामुळे समोरच्याला काही कळायचं नाही. प्रणितानं अप्पांच्या मशीनवर तो कल चिमूटभर लावला. त्या संध्याकाळी अप्पांची एक सोंगटी गेली. मग दुसरी. “ए मुल्ला! झोपलास काय रे?” असा स्टँडवरचा आवाज पुन्हा घरात घुमला. आणि अप्पांनी भाकरी मागून घेतली.

इथे थांबली असती तर गोष्ट एका सुनेच्या प्रेमाची झाली असती.

पण दस्तगीर मुल्ला काही कलाला बधणारा खेळाडू नव्हता. बाकी सगळ्यांना अप्पा हरवायचे, दस्तगीरना नाही. आणि त्यांच्याकडून हरले की ताट पुन्हा झाकलेलं. प्रणितानं कल वाढवत नेला, तरी पुरेना. मग एकदा दस्तगीरनी आपलं मशीन धूळ काढायला तिच्या दुकानात टाकलं. धूळ काढली. आणि त्यावर अगदी थोडासा उलटा कल लावून दिला. पॉकेटात जाणारी सोंगटी काठाला थडकावी, एवढाच.

तिनं स्वतःला समजावलं, दस्तगीरचाचांचं काय, त्यांचे दोन्ही हात धड आहेत.

*

ते सर मेमरी घेऊन गेले त्याच आठवड्यात दस्तगीर दुकानात आले. मशीन चादरीत गुंडाळलेलं, छातीशी धरलेलं.

“चाचा, पुन्हा धूळ?”

“धूळ नाही पोरी. ठेवून घे. कुणाला पाहिजे असलं तर दे.”

“का? काय झालं?”

“हात गेला.” ते स्टुलावर बसले. “आधी मला वाटलं, डोळा. डोळे तपासले, चांगले आहेत म्हणाला डॉक्टर. मग म्हटलं हातच. जी सोंगटी झोपेत घालायचो ती काठाला लागून परत येती. रोज. तुझ्या सासऱ्याचा हात झटका येऊन सुधारला, माझा झटका न येता गेला. अल्लाची मर्जी म्हणायची.”

“एवढ्या तेवढ्यानं काय चाचा. खेळच तो.”

“खेळ असता तर काय.” त्यांनी पंजा उघडून बघितला. “ज्या हाताला सोंगटी कळत नाही, त्याच्यानं लोकांचं लग्नाचं कापड कापू? कात्री पुतण्याला दिली मी. तो पट्टी लावून कापतो. गिऱ्हाईक विचारतं, मास्तर का नाहीत? सांगतो, मास्तरांनी रिटायर घेतलं.”

प्रणिताच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायला ती वाकली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकून राहिली.

“एक विचारू?” वरून आवाज आला. “ते नवीन कार्ड म्हणतात, त्यानं खरं काय ते कळतं म्हणे. ते टाकून बघितलं, तर माझा हात गेलाय की मशीन बिघडलंय, ते कळंल काय? तू सांगशील ते. घेऊ?”

आत्ता सांगता आलं असतं. स्टुलावर एक माणूस, समोर एक बाई, दुकानात तिसरं कुणी नाही. यापेक्षा सोपी वेळ पुन्हा आली नसती.

“नको चाचा,” प्रणिता टेबलाखालून म्हणाली. “त्याचा काही उपयोग नाही. पैसे वाया.”

“बरं झालं विचारलं,” दस्तगीर म्हणाले. “तू खोटं बोलत नाहीस.”

ते गेले. चादर घडी करून बरोबर नेली, मशीन ठेवून.

*

दुपारी मिरजेतली दुकानं निवांत होतात. प्रणितानं शटर अर्धं ओढलं, कपाटातलं न विकलेलं फिजिक्स कार्ड काढलं आणि दस्तगीरच्या मशीनमध्ये बसवलं. तिला काय सिद्ध करायचं होतं कुणास ठाऊक. आपण केलं ते फार नव्हतं, असंच बहुतेक.

प्रत्येक सामन्याच्या नोंदीत दोघांच्याही टिचक्या साठलेल्या होत्या. तिनं ते सामने एकेक करून पुन्हा चालवले. दस्तगीरची प्रत्येक टिचकी कार्डावर गेली आणि प्रत्येक सोंगटी पॉकेटात, आवाजसुद्धा न करता. तो हात कुठेही गेलेला नव्हता. अप्पांच्या सोंगट्या इकडे तिकडे सैरावैरा. ती पडद्याकडे बघत होती आणि पुढचा सामना लावत होती.

मग शेवटचे सामने आले आणि काहीतरी वेगळंच दिसायला लागलं.

अप्पांचा हात थरथरतो हे तिला पाठ होतं. थरथरणाऱ्या हाताचा नेम आजूबाजूला फाकतो, पण मधोमध सोंगटीच असते. इथे तसं नव्हतं. इथे स्ट्रायकर सरळ रिकाम्या कोपऱ्याकडे जात होता. पुन्हा तिकडेच. काळी समोर उघडी पडलेली असताना, डावीकडे जिथे काहीच नाही तिथे. थरथर होती, पण नेमही होता. दोनदा तर थेट आपलाच स्ट्रायकर पॉकेटात घालायचा प्रयत्न. आणि त्या वेळचा निकाल काय? कडेवर आपटून परतलेल्या स्ट्रायकरचा सोंगटीला नुसता पदर लागला होता. पुढचं कलानं ओढून नेलं होतं, थेट पॉकेटात. अप्पा जिंकले होते.

अप्पा हरायचा प्रयत्न करत होते. आणि तिचं मशीन त्यांना हरू देत नव्हतं.

*

घरी अप्पा चष्मा कपाळावर सारून पेपर वाचत होते, म्हणजे वाचत नव्हते.

“अप्पा, तुम्हाला कधी कळलं?” ती चप्पल न काढताच म्हणाली.

त्यांनी काय ते विचारलं नाही. पेपरची घडी घातली. एका हातानं घालायला वेळ लागला, तोवर ती उभीच.

“पन्नास वर्षं सोंगटी बघतोय बाई. स्ट्रायकर सुटला की मला कळतं ती जाणार का नाही. जाणार नाही ती जायला लागली, तर काय वाटंल?”

“मग बोलला का नाही?”

“आधी बरं वाटलं.” अप्पा खिडकीकडे बघत म्हणाले. “खोटं कशाला बोलू. मुल्लाला हरवल्यावर मला झोप चांगली लागायची. मग एकदा तो फोनवर म्हणाला, कात्री सोडली. तेव्हापासून हरायला बघतोय. जमंना. असलं काय मशीन केलंयस गं? मी रिकामा कोपरा मारतो तरी सोंगटी जाती!”

तिला हसू आलं आणि लगेच रडू. दोन्ही तिनं गिळलं.

“‘माझा हात’ म्हणायला पाहिजे होतं,” अप्पा म्हणाले. “तोंडातून आलं नाही. म्हटलं, तुला काय वाटंल. एवढं तू केलंस.”

“अप्पा, अजून एक आहे.”

“काय?”

“चाचांच्या मशीनवर उलटा कल मी लावला. त्यांचा हात गेलेला नाही. मीच…”

अप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघणं सोडलं. हे दुसरं जास्त लागलं. त्यांनी शालीखालचा हात बाहेर काढला, खुर्चीच्या दांड्यावर दाबून धरला आणि उठायला लागले.

“चप्पल घातलेलीच आहेस ना? चल.”

*

दस्तगीरचं घर त्यांच्या शिवणाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. अप्पांना जिना चढायला वेळ लागला. दस्तगीर दारात येऊन उभे राहिले, कौतुकानं.

“आरे, मल्लू! आणि जिन्यानं? आज सूर्य कुठनं…”

“आधी हिचं ऐक,” अप्पा म्हणाले.

प्रणितानं वाटेत दुकानातून उचललेलं त्यांचं मशीन खाली ठेवलं आणि सांगितलं. बसून सांगावं तर कुणी बस म्हणालं नव्हतं. कल म्हणजे काय, कधी लावला, किती वाढवला, मग धूळ काढायला आलेल्या मशीनवर काय केलं. मधे एकदा ती ‘अप्पा जेवत नव्हते म्हणून’ असं म्हणाली आणि तिचं तिलाच ते इतकं लंगडं वाटलं की वाक्य तिथेच सोडलं.

दस्तगीर ऐकत होते.

“मी दुकानात आलो,” ते म्हणाले. “तुला विचारलं. कार्ड टाकलं तर कळंल काय म्हणून. तू काय म्हणालीस?”

“चाचा…”

“काय म्हणालीस? तुझ्या तोंडून ऐकू दे.”

“नको म्हणाले. उपयोग नाही म्हणाले. पैसे वाया.”

“टेबलाखालनं म्हणालीस,” दस्तगीर म्हणाले. “मला वाटलं, पोरगी म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून तोंड लपवती. मी घरी येऊन बेगमला सांगितलं, कोऱ्यांची सून मायाळू आहे.”

आतल्या खोलीत भांड्याचा आवाज झाला आणि थांबला.

“माझं पण चुकलं,” अप्पा म्हणाले. “मला कळत होतं दस्तगीर. माझ्याकडचं तरी.”

“तू गप रे. तुझा हिशेब वेगळा.” दस्तगीर आत वळले. भिंतीशी टेकवलेला लाकडी बोर्ड, धूळ खात पडलेला, त्यांनी ओढून पलंगावर आडवा टाकला. तळव्यानं पुसला. डबीतून पावडर टाकली. “बस.”

अप्पांचा हात शालीकडे गेला. “दस्तगीर, इथं नको. मशीनवर खेळू. आता कार्ड आहे त्यात, खरं चालंल.”

“मशीनला घाल चुलीत. इतकी वर्षं तुझा हात बघत आलो मी. झटका आल्यापासून तू शालीखाली घालून बसलास. मी काय परका आहे? बस म्हणतो ना.”

अप्पा बसले. शाल खांद्यावरून काढून त्यांनी बाजूला ठेवली. हात बोर्डावर आला. उघडा, लाकडावर बोटं टकटक वाजावीत असा थरथरणारा.

पहिली खेळी अप्पांची. स्ट्रायकर सोंगट्यांना न शिवताच पलीकडच्या कडेला लागून परत आला. दस्तगीर खेळले. एक, दोन, मग राणी, मग तिच्यावर लगेच काळी. हात कुठेही अडखळला नाही. त्यांच्या ओठांवर हसू नव्हतं आणि त्यांनी एकही सोंगटी मुद्दाम सोडली नाही. अप्पांची पाळी आली की ते कोपर टेकून बसायचे, खुशाल वाट बघत. अप्पांचा स्ट्रायकर दोनदा हातातच घसरला. तिसऱ्यांदा खाली पडला आणि पलंगाखाली गेला.

प्रणिता शोधायला पुढे झाली.

“राहू दे,” अप्पा म्हणाले. ते स्वतः वाकले, खूप वेळ चाचपडले, स्ट्रायकर घेऊन वर आले. चेहरा लाल झालेला. आणि दस्तगीरकडे बघून म्हणाले, “कोरा बोर्ड देतोस काय रे मुल्ला?”

“देणारच की. मग काय ओवाळू तुला?”

अप्पा मोकळे हसले. हसताना तोंडाचा एक कोपरा खालीच राहिला. पुढची टिचकी पुन्हा चुकली.

गेलं वर्षभर जे बघायला लागू नये म्हणून प्रणितानं सगळं केलं होतं, ते तिच्यासमोर चाललं होतं. बोटं टकटकत होती, सोंगटी जात नव्हती आणि बोर्डाजवळ बसलेल्या दोघांपैकी कुणालाही त्याचं मरण आलेलं नव्हतं. मरण आलं होतं फक्त तिला. आताच का, पहिल्या दिवसापासून फक्त तिलाच. तिनं खिडकीकडे मान वळवली.

“चाचा,” ती खिडकीकडेच बघत म्हणाली, “उद्यापासून दुकानात कापायला…”

“ते माझं मी बघीन.” दस्तगीरनी स्ट्रायकर रेघेवर ठेवला, पण मारला नाही. “तू इकडे बघ.”

ती वळली नाही.

“इकडे, बोर्डावर. त्याची पाळी आली की त्याच्या हाताकडे बघ. शेवटची सोंगटी जाईपर्यंत बघ,” दस्तगीर म्हणाले. “तेवढं तरी कर.”

तिनं मान वळवली. अप्पांनी हात पुन्हा बोर्डावर ठेवला, आणि ती बघत राहिली.